बुडालेल्या जहाजांवरील खलाशांची गाववार यादी मराठीत हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘तिलावा’ या जहाजातील चांदीच्या दाव्याचा निकाल दिला, तेव्हा त्याच्या बातम्या आपल्याकडेही आल्या होत्या. हिंदी महासागराच्या तळाशी सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर पंच्याहत्तर वर्षे पडून असलेल्या चांदीच्या २,३६४ विटा एका खासगी कंपनीने २०१७ मध्ये वर काढल्या होत्या. ती चांदी मुळात दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी निघालेली असल्याने त्या देशाच्या सरकारकडे कंपनीला मोबदला मागता येतो का, हा वादाचा मुद्दा होता आणि न्यायालयाने कौल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने दिला. चांदीचे वजन, तिची आजची किंमत, ती वर काढणारी यंत्रे, सारे काही सविस्तर छापून आले. जहाजाबरोबर जे गेले त्यांच्याविषयी माझ्या वाचनात एखाददुसरी ओळ आली, तीही प्रवाशांची. जहाज चालवणाऱ्यांबद्दल काहीच वाचायला मिळाले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ही आगबोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून मोंबासा, लोरेन्सो मार्क्विस (म्हणजे आजचे मापुतो) आणि डर्बनकडे जाण्यासाठी सुटली. तिच्यावर ७३२ प्रवासी, २२२ खलाशी व अधिकारी आणि चार तोफची होते. तिसऱ्या दिवशी, म्हणजे २३ नोव्हेंबरला, पहाट होण्यापूर्वी सेशेल्स बेटांच्या ईशान्येस जपानच्या ‘आय-२९’ या पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो सोडला. जहाज लगेच बुडाले नाही. होड्यांत उतरलेल्यांपैकी काही जण आता धोका टळला असे समजून परत वर चढले, आणि त्यानंतर दुसरा टॉर्पेडो आला. एकूण २८० माणसे गेली, त्यांत २५२ प्रवासी होते व २८ जहाजावरचे नोकर. वाचलेल्या ६७८ जणांपैकी बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश युद्धनौकेने पाण्यातून उचलून २७ नोव्हेंबरला पुन्हा मुंबईच्या धक्क्यावर आणून सोडले. जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. पुढच्याच एप्रिलमध्ये मादागास्करजवळ जर्मन पाणबुडीतून नेताजी सुभाषचंद्र बोस यांना उतरवून घेणारी जपानी पाणबुडी हीच ‘आय-२९’ होती. तो प्रवास आपल्याला शाळेपासून माहीत असतो आणि तो माहीत असलाच पाहिजे. पण त्याच पाणबुडीने पाच महिने आधी मुंबईहून सुटलेले एक जहाज बुडवले होते, हे मुंबईतल्या माणसालाही सहसा ठाऊक नसते.

‘तिलावा’वरचे २८ हा एका मोठ्या आकड्याचा लहानसा तुकडा आहे. दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्या दर चार माणसांमागे एक हिंदी खलाशी होता. ही संख्या पन्नास हजारांच्या घरात जाते. युद्धात त्यांतले सुमारे ६,६०० मृत्युमुखी पडले, हजाराहून अधिक जखमी झाले आणि १,२०० हून अधिक शत्रूच्या कैदेत गेले. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांचा आकडा साडेतीन हजारांच्या जवळ आहे. हे लोक सैनिक नव्हते. त्यांच्या हातात बंदूक नव्हती, अंगावर गणवेश नव्हता, पाठीशी पलटण नव्हती. त्यांनी गहू, कोळसा, कापूस, तेल, दारूगोळा आणि कधी फौजाही एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेल्या. शत्रूला मात्र नेमकी हीच वाहतूक तोडायची होती, त्यामुळे त्याच्या दृष्टीने लढाऊ जहाजापेक्षा मालाचे जहाज अधिक मोलाचे सावज होते.

या माणसांत कोकणातले किती होते, हे किनाऱ्यावरच्या लोकांना सांगावे लागत नाही. मुंबईत भरती होणाऱ्या जहाजांवर कामांची वाटणी जवळजवळ गाववार ठरलेली असे. डेकवरचे खलाशी, त्यांच्यावरचे टंडेल आणि सगळ्यांवरचा सारंग हे बव्हंशी रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले, त्यांत कोकणी मुसलमान पुष्कळ, खारवी वगैरे हिंदू दर्यावर्दी जातीही होत्या. शिवाय सुरत, वलसाड, दीवकडचे लोक होते. भट्टीपुढचे आगवाले पंजाब आणि सरहद्द प्रांतातून येत, कलकत्त्याच्या जहाजांवर ते सिल्हेटचे असत. स्वयंपाक, भोजनगृह आणि प्रवाशांची सरबराई हे काम गोव्याच्या ख्रिस्ती लोकांकडे होते. धोबीतलाव परिसरात आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या कुडांत, म्हणजे सामाईक बिऱ्हाडांत, ते जहाज मिळेपर्यंत राहत. गोवेकरांची गोष्ट आणखी विचित्र आहे, कारण कायद्याने ते पोर्तुगालचे प्रजाजन होते आणि दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल दोन्ही बाजूंपासून अलिप्त होता. म्हणजे ज्या युद्धात त्यांचे सरकार उतरलेच नव्हते त्या युद्धात ते मरत होते. त्यांच्यासाठी शोक करण्याची जबाबदारी कोणत्याच सरकारवर येत नव्हती.

मरण्याच्या तऱ्हाही सारख्या नव्हत्या. टॉर्पेडो बहुधा जहाजाच्या मध्यभागी, इंजिनाच्या खोलीच्या आसपास बसे, त्यामुळे त्या वेळी खाली पाळीवर असलेला आगवाला किंवा कोळसा ओढणारा क्वचितच वर येई. उत्तर अटलांटिकमध्ये पाण्यात पडलेला माणूस बुडण्याआधी थंडीनेच मरे. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री जर्मन पाणबुडीने ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज बुडवले. इंग्लंडमधून कॅनडाला सुरक्षित जागी पाठवल्या जाणाऱ्या ९० मुलांपैकी ७७ मुले त्यात गेली, म्हणून ब्रिटनमध्ये ते जहाज आजही स्मरणात आहे. त्याच रात्री त्याच जहाजावरचे सुमारे शंभर हिंदी खलाशीही गेले. त्यांतील अनेक जण पातळ सुती कपड्यांत होड्यांमध्ये उतरले होते. या जहाजाची एक होडी आठ दिवसांनी विमानातून दिसली आणि तिच्यातली माणसे जिवंत मिळाली. त्यांत निम्म्याहून जास्त हिंदी खलाशी होते. हे त्या कथेत क्वचितच ठळकपणे सांगितले जाते.

मार्च १९४४ मधील ‘बिहार’ जहाजाची हकीकत याहून भीषण आहे. ऑस्ट्रेलियाहून मुंबईकडे येणारे हे जहाज ‘टोने’ या जपानी क्रूझरने बुडवले आणि शंभराहून अधिक लोकांना कैद करून आपल्यावर घेतले. पुढे काही दिवसांनी त्यांतल्या साठाहून अधिक कैद्यांना रात्री डेकवर आणून ठार मारण्यात आले. त्यांत हिंदी खलाशीही होते. युद्धानंतर या गुन्ह्याचा खटला चालला, एका जपानी ॲडमिरलला फाशी झाली आणि जहाजाच्या कप्तानाला तुरुंगवास झाला. मारले गेलेले लोक जिथे येऊन पोहोचायचे होते ते बंदर मुंबई होते, आणि तरी मुंबईच्या इतिहासात या प्रसंगाला जागा नाही.

पहिल्या युद्धात तर हे मरण दाराशी आले होते. जर्मनीच्या ‘वुल्फ’ या जहाजाने १९१७ च्या आरंभी मुंबईच्या समोरच्या समुद्रात सुरुंग पेरले, आणि २३ जूनला पी अँड ओ कंपनीची ‘मंगोलिया’ ही टपालाची आगबोट मुंबईपासून सुमारे पन्नास मैलांवर त्यांतल्या एका सुरुंगावर आदळून बुडाली. त्याआधी, ३० डिसेंबर १९१५ रोजी, लंडनहून मुंबईकडे निघालेली ‘पर्शिया’ भूमध्य समुद्रात क्रीट बेटाजवळ पाणबुडीने बुडवली होती. तीत तीनशेहून अधिक माणसे गेली, आणि तिच्याही खलाशांत हिंदी लोकांचा भरणा होता. तिच्याबद्दल आज जे लिहिले जाते ते मुख्यतः तीवरून चाललेल्या एका महाराजांच्या जडजवाहिराविषयी. चांदी असो वा जवाहिर, लिहिणाऱ्यांचे लक्ष कोठे जाते ते यावरून कळते.

हे सगळे ज्या पगारावर चालले होते तोही सांगितला पाहिजे. युद्ध सुरू झाले तेव्हा हिंदी खलाशाचा पगार त्याच जहाजावरील गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका होता, आणि झोपण्याची जागाही त्याच मापाने कमी दिलेली असे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर होताच ब्रिटन, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि ब्रह्मदेशातील बंदरांत हिंदी खलाशांनी जादा पगार व युद्धभत्त्यासाठी जहाजे हाकण्यास नकार दिला. शेकडो लोक तुरुंगात गेले, आणि अखेर कंपन्यांना पगार वाढवावे लागले. ते बळी होते हे खरे, पण केवळ मुकाट बळी नव्हते. आपल्या जिवाची किंमत काय लावली जात आहे हे त्यांना पुरते कळत होते आणि त्यांनी ते परक्या बंदरात, परक्या न्यायालयासमोर उभे राहून सांगितले होते. कामगार चळवळीच्या इतिहासात गिरणी कामगारांच्या संपांना जे स्थान आहे त्याच्या जवळपासही या संपाला मिळालेले नाही.

आता स्मारकांविषयी. लंडनमध्ये टॉवर हिलवर व्यापारी जहाजांवर मृत्यू पावलेल्या खलाशांचे भव्य स्मारक आहे. पहिल्या युद्धातील सुमारे बारा हजार आणि दुसऱ्या युद्धातील जवळजवळ चोवीस हजार नावे तेथे कोरलेली आहेत. हिंदी करारावर भरती झालेल्या खलाशांची नावे साधारणपणे तेथे घेतलेली नाहीत. कलकत्त्यात हुगळीच्या काठी, हेस्टिंग्ज भागात, बंगाल व आसाममधल्या ८९६ खलाशांचे स्मारक १९२४ पासून उभे आहे. मुंबईतले स्मारक मस्जिद बंदर स्टेशनाच्या पूर्वेस, इंडियन सेलर्स होम या खलाशांच्या वसतिगृहाच्या आवारात आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या देखरेखीखालील या जागी पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांची स्मृती जपलेली आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी दगडी स्मारक न बांधता नावांचे एक पुस्तक केले गेले. त्याच्या दोन सारख्या प्रती आहेत, एक मुंबईत या वसतिगृहात आणि दुसरी चितगावच्या युद्धस्मशानभूमीत. या पुस्तकात तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीचे चारशेहून अधिक नाविक आणि व्यापारी जहाजांवरचे जवळपास सहा हजार खलाशी आहेत. फाळणीने देश तुटला, पुढे बांगलादेश झाला, पण नोंद दोन्हीकडे एकच राहिली, हे मला तरी फार योग्य वाटते.

म्हणजे नावे हरवलेली नाहीत, हा माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा आहे. समुद्राने माणसे घेतली, पण कारकुनाने नावे उतरवून ठेवली. आयोगाच्या संकेतस्थळावर ती कोणालाही पाहता येतात, आणि पुष्कळ नावांपुढे हुद्दा, जहाज, मृत्यूची तारीख, काही ठिकाणी वडिलांचे व पत्नीचे नाव आणि गाव हेही मिळते. अडचण अशी आहे की ही सारी माहिती इंग्रजीत, रोमन लिपीत आणि आडनावाच्या अनुक्रमाने लावलेली आहे. आपल्याकडच्या खलाशांची नावे मात्र बहुधा स्वतःचे आणि बापाचे एवढीच लिहिलेली असत. आडनाव घरी असे, ते जहाजाच्या कागदावर चढतच नसे. इंग्रज कारकुनाने कानाला जसे पडले तसे लिहिलेले नाव आणि त्याहून वाकडे लिहिलेले गाव घेऊन दापोली किंवा मंडणगड तालुक्यातल्या आजच्या नातवाने आपल्या आजोबांना शोधायचे कसे? पण हर्णै, बाणकोट, श्रीवर्धन, दाभोळ, जयगड ही गावे ज्याला पाठ आहेत अशा माणसासमोर तीच यादी ठेवली, तर वाकडे लिहिलेले गाव तो एका दृष्टीत ओळखील. हे काम लंडनमध्ये किंवा दिल्लीत होणार नाही, ते इथेच होईल.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. या दोन्ही युद्धांत समुद्रावर मृत्यू पावलेल्या, महाराष्ट्र व गोव्यातून भरती झालेल्या खलाशांची यादी देवनागरीत, जिल्हा-तालुका-गाव या क्रमाने लावून प्रसिद्ध करावी, आणि ज्या त्या गावाच्या ग्रामपंचायतीकडे त्या गावापुरते पान पाठवावे. नौवहन महासंचालनालय मुंबईतच आहे, महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड आहे, राज्य शासनाचा पुराभिलेख विभाग आहे. यांपैकी एकाने पुढाकार घेऊन आयोगाकडून माहिती मागवावी. बाकीचे काम मुंबई विद्यापीठातील आणि कोकणातील महाविद्यालयांतील इतिहासाचे विद्यार्थी करू शकतील. हे अशक्य नाही. ब्रिटनमध्ये १९१५ सालच्या जहाजांच्या खलाशी-याद्या, ज्यांत साडेसात लाखांच्या आसपास नावे आहेत, त्या मुख्यतः स्वयंसेवकांनी वाचून, उतरवून काढून सर्वांसाठी खुल्या केल्या. त्या याद्यांत मुंबईत भरती झालेले खलाशीही आहेत. आपल्याला त्या कामाच्या शतांशाइतकेच काम करायचे आहे.

नवे स्मारक मात्र कृपया उभारू नये. समुद्रकिनारी जागा, आराखड्याची स्पर्धा, निविदा, भूमिपूजन, मग वाढलेला खर्च आणि रखडलेले काम, हा क्रम आपल्याला तोंडपाठ आहे, आणि त्या खटाटोपात नावे पुन्हा मागे पडतील. आहे ते स्मारक मस्जिद बंदरला आहे. ते पाहायला सामान्य माणसाला ठरावीक दिवशी तरी सहज आत जाता यावे आणि ‘येथे हे आहे’ असे सांगणारा एक मराठी फलक पी. डी’मेलो रस्त्यावर लावावा, एवढे पुरे. गावांत काय करायचे ते गाव ठरवील. आपल्याकडे पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या, ज्यांवर ‘या गावातून इतके पुरुष युद्धावर गेले, पैकी इतके मेले’ एवढेच लिहिले आहे. आकडा आहे, नाव नाही. त्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर टाचलेला नावांचा कागद मला अधिक मानाचा वाटतो.

एक आक्षेप येईल, आणि तो खासगीत मी ऐकलेलाही आहे. हे लोक इंग्रजांच्या जहाजांवर, इंग्रजांच्या युद्धात, पगारासाठी गेले. ‘छोडो भारत’ची चळवळ देशात पेटली होती त्याच नोव्हेंबरात ‘तिलावा’ सुटली. मग त्यांची आठवण आपण का ठेवायची? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. स्वातंत्र्यानंतर या माणसांना कोणीच आपले म्हटले नाही, याचे एक कारण त्यातच आहे. इंग्रजांना ते आपले वाटले नाहीत आणि आपल्याला ते इंग्रजांचे वाटले. पण त्या काळी कोकणातल्या खाचराने घर चालत नव्हते, गिरणीत किंवा बोटीवर जाणे याला पर्याय नव्हता, आणि गिरणीत गेलेल्याला आपण कधी त्याच्या मालकाच्या राजकारणाबद्दल जाब विचारला नाही. शिवाय जी जहाजे बुडाली ती सगळी गोऱ्यांचीही नव्हती. वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी उभ्या केलेल्या सिंधिया कंपनीची ‘जलपालक’ आणि ‘जलतरंग’ जानेवारी १९४२ मध्ये बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने बुडवली आणि ‘जलबाला’ ऑक्टोबर १९४३ मध्ये अरबी समुद्रात जर्मन पाणबुडीने. सिंधियाचीच ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली म्हणून आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा करतो. त्या दिवशी मंत्र्यांच्या छातीवर बिल्ला लावला जातो, भाषणांत स्वदेशी जहाजधंद्याचा गौरव होतो, आणि त्याच कंपनीच्या बुडालेल्या जहाजांवरच्या माणसांचा उल्लेखही होत नाही.

या माणसांच्या घरी काय झाले असेल याची कल्पना करण्यासाठी फार काही लागत नाही. देह मिळाला नाही म्हणून हिंदू घरांत क्रिया अडली. बारा वर्षे वाट पाहून पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करण्याचा विधी आपल्या शास्त्रात अशाच प्रसंगासाठी आहे. कायद्यानेही सात वर्षे बेपत्ता असलेल्यालाच मृत धरले जाई. मधल्या काळात त्या बाईने कुंकू लावायचे की नाही, जमिनीवर नाव कोणाचे चढवायचे, मुलांना बापाविषयी काय सांगायचे, हे प्रश्न लंडनच्या किंवा मुंबईच्या कोणत्याही दप्तरात नोंदले गेलेले नाहीत. ती मुले आज ऐंशी-नव्वदीत आहेत. यादी आणखी दहा वर्षांनी केली तर ती अभ्यासकांच्या उपयोगाची असेल, त्यांच्या उपयोगाची नसेल. घाई हवी ती एवढ्याचसाठी.

येत्या ५ एप्रिलपूर्वी राज्य शासनाने किंवा नौवहन महासंचालनालयाने निदान एका जिल्ह्याची, रत्नागिरीची, यादी तयार करून दाखवावी अशी माझी विनंती आहे. आपल्या वृत्तपत्राच्या कोकण आवृत्तीत ती गाववार छापता आली तर उत्तमच, कारण ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांच्यापर्यंतही ती पोहोचेल. वाचकांनाही एक सांगणे आहे. ज्यांच्या घरी जुन्या पेटीत बोटीवरच्या नोकरीचा दाखला, शिपिंग ऑफिसची चिठ्ठी, मनीऑर्डरच्या पावत्या किंवा जहाजाचे नाव लिहिलेला फोटो असेल, त्यांनी तो जुना कागद म्हणून टाकू नये. आपल्या तालुक्यातल्या वाचनालयात किंवा महाविद्यालयात त्याची छायाप्रत तरी देऊन ठेवावी. त्यावरचे जहाजाचे नाव आणि तारीख एवढे मिळाले, तरी त्या सहा हजार नावांतले एखादे नाव नक्की कोणाचे ते ठरवता येईल.

आपला,
एक वाचक
दापोली, जि. रत्नागिरी